बंदूक आणून देतो, पण ती ठेवणार कुठे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक
(निवडणूक काळातील शस्त्र छाननी समिती)

विषय: शेतीसंरक्षणाच्या परवानाधारक बंदुका जमा करणे, ठाण्यापर्यंत नेणे आणि तिथे ठेवणे याबाबत.

महोदय,

16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी आमचे पोलीस पाटील माझ्या काजूच्या बागेत हजर झाले. मी बोंडातून बिया पिरगळून काढत बसलो होतो. त्यांनी कागद पुढे केला, मी तशाच हातांनी सही केली आणि बोंडाच्या रसाचा डाग कागदावर पडला. हा डाग कशानेही जात नाही, कोकणातल्या कुठल्याही आईला विचारा. तेव्हा ती पोच अजून आपल्या फायलीत असेल तर माझी सही ओळखायला अडचण पडू नये.

नोटीस अशी होती: गावातल्या सर्व परवानाधारकांनी आपापली शस्त्रं व काडतुसं तीन दिवसांत पोलीस ठाण्यात जमा करावीत, न केल्यास भारतीय दंड विधान कलम 188 प्रमाणे कारवाई होईल. सोबत अकरा नावांची यादी. तिसरं नाव माझ्या वडिलांचं, आठवं माझं. वडील 2017 च्या एप्रिलमध्ये वारले. त्यांची बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली, ती आपल्याच कार्यालयातून. तरी यादीत बापलेक दोघेही, आणि बंदूक एकच.

या पत्राला खरं तर एवढंच पुरेसं आहे. ज्या यादीत मयत माणूस सात वर्षांनीही जिवंत आहे, ती यादी कुणी छाननी करून बनवली असेल असं मला वाटत नाही. जुनी यादी काढली, तारीख बदलली, शिक्का मारला. पण मला त्यापुढचंही सांगायचं आहे, म्हणून हे लांबवतो. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तळकोकणात कुठल्याही तालुक्याला हे पत्र चालेल आणि एका ठाण्यातल्या चार माणसांना बोल लावायचा माझा हेतू नाही.

आधी बंदुकीची ओळख करून देतो. एकनळी, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), गुळगुळीत नळीची. आजोबांची ठासणीची होती. दारू भरायची, चिंधी ठासायची, छरे टाकायचे, पुन्हा चिंधी, वर केप. पावसाळ्यात दारू सादळली की नुसतं फुस्स. वडिलांनी ती देऊन ही काडतुसाची घेतली. शहरातल्या पाहुण्यांना परवान्याची बंदूक म्हटलं की डोळ्यासमोर सिनेमातलं पिस्तूल येतं. प्रतिबंधित बोअरची, लष्करी जातीची शस्त्रं वेगळी आणि ती केंद्राच्या गृह मंत्रालयाखेरीज कुणी देऊ शकत नाही. आमची राखणीची. 1959 च्या शस्त्र कायद्यात, कलम 13 मध्ये, शेतीच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ती पुरी पडत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी द्यावी असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांना शेतातलं रानडुक्कर ठाऊक होतं.

माझ्या नावावर आल्यापासून या बंदुकीने एकही जनावर मेलेलं नाही. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, वानराकडे तर नळी रोखायचीसुद्धा माझी इच्छा नाही. मी हवेत बार काढतो. वानरांची टोळी आंब्याच्या शेंड्यावर बसलेली असते, एक बार काढला की चार दिवस फिरकत नाही. फटाक्यांना ती आता भीत नाहीत. सुतळी बॉम्ब फुटला की मान वळवून बघतात आणि पुन्हा कैरी खातात. गोफणीचा जमाना गेला, गोफण मारणारे मुंबईला गेले. राहिली बंदूक.

आता काळाचा हिशेब बघा. काजूची बी फेब्रुवारीपासून मे पर्यंत. हापूस मार्चपासून मे अखेर. 2024 ला आमच्याकडचं मतदान 7 मे रोजी झालं, निकाल 4 जूनला. म्हणजे जे तीन महिने बंदूक बागेत हवी, बरोबर तेच तीन महिने ती ठाण्यात. पुढे 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. भात पिवळं होऊन आडवं पडायला आलेलं, डुकरांचे कळप रात्री खाचरात उतरतायत आणि पोलीस पाटील पुन्हा बांधावर. या वेळी नोटिशीत कलमं बदललेली होती, कारण 1 जुलैपासून नवे कायदे आले: जमावबंदीसारखे आदेश ज्याखाली निघायचे त्या 144 च्या जागी 163 आणि आदेश मोडल्याच्या शिक्षेच्या 188 च्या जागी 223. बाकी मजकूर तोच. 'काडतूसे' मधली ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा तीच. वडीलही होतेच.

मला निवडणूक आयोगाशी भांडायचं नाही, कारण आयोग माझ्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आयोगाने 1 सप्टेंबर 2009 ला सर्व राज्यांना सूचना दिल्या. त्यात आपली ही समिती आली. निवडणूक जाहीर होताच समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करायचा: जामिनावर सुटलेला कोण आहे, गुन्ह्यांचा इतिहास कुणाचा आहे, दंगलीत, विशेषतः निवडणुकीतल्या, नाव कुणाचं आलंय. ज्याचं शस्त्र जमा करणं आवश्यक वाटेल त्याला नोटीस. जमा केल्याची रीतसर पावती, ठेवण्याची चोख व्यवस्था, आणि निकालानंतर एका आठवड्यात परत. सगळं लिहिलेलं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मार्च 2024 मध्ये उत्तर प्रदेशापुरतं पुन्हा हेच बजावलं की कारण न देता सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेता येणार नाहीत. आमच्याकडे सूचना 2009 पासून, आणि अंमल मात्र पोलीस पाटलाच्या यादीवर.

सूट कुणाला, तेही त्यात आहे. बँकांचे सुरक्षारक्षक, राष्ट्रीय रायफल संघटनेचे स्पर्धा खेळणारे नेमबाज, परंपरेने शस्त्र बाळगण्याचा हक्क असलेले समाज. नेमबाजांबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक आणलं, अशा पोरांची रायफल ऐन सरावात कुणी काढून घेऊ नये. कर्नाटकातल्या कोडगूचे कोडवा लोक तर परवान्याच्या भानगडीतूनच मोकळे आहेत, इंग्रजांच्या काळापासून, आणि ती सूट 2029 पर्यंत वाढवलेली आहे. मला कोडवा व्हायचं नाही. परवाना असावा, तपासणी असावी, नूतनीकरणाला पाच वर्षांनी बोलवावं, मी येतो. पण आमच्या पंचक्रोशीत एका गृहस्थांकडे स्वसंरक्षणाचं रिव्हॉल्व्हर आहे. ते एका पक्षाचे पदाधिकारी, प्रचारसभेच्या व्यासपीठावर बसणारे. त्यांचं रिव्हॉल्व्हर 2024 ला दोन्ही वेळा त्यांच्या कमरेलाच राहिलं, 'जीवितास धोका' म्हणून. माझ्या बंदुकीपासून निवडणुकीला कोणता धोका होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. वानरांना मतदानाचा हक्क नाही.

(हे वाक्य बायकोने खोडायला सांगितलं होतं. ठेवलंय.)

आता मूळ मुद्दा. परवाना माझ्या नावावर होताना माझ्याकडून हमी घेतली गेली की शस्त्र सुरक्षित ठेवीन, कुलपात ठेवीन, दुसऱ्याच्या हाती लागू देणार नाही. ती हमी मी मनावर घेतली. तालुक्याहून लोखंडी कपाट आणलं, भिंतीत खिळे घालून बसवलं. बंदूक उभी राहील एवढी त्याची उंची, म्हणून आतले खण काढून टाकले. काडतुसं त्यात नाहीत. ती दुसऱ्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, वेगळ्या कुलपात. चाव्या दोन, दोन जागी, आणि त्या जागा घरात दोघांनाच ठाऊक. कपाट आल्यावर बायको म्हणाली, एवढं भक्कम आणलंय तर माझ्या पाटल्या पण ठेवा. मी नाही म्हटलं, कारण मग कपाट रोज उघडेल. आमच्यात आठवडाभर अबोला होता. दर पंधरा दिवसांनी नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, बघतो, गजाला चिंधी गुंडाळून आतून पुसतो, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवतो. इथल्या हवेत लोखंड कसं टिकतं ते आपण जाणता. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात.

हे सगळं केल्यावर एका सकाळी आपण म्हणता, ती बंदूक घेऊन चौदा किलोमीटरवरच्या ठाण्यात या.

कशी येऊ? माझ्याकडे मोटार नाही. दुचाकीवर पाठीला लावून आलो तर रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला कळतं की याच्याकडे काय आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी बंदूक गवसणीत, पूर्ण झाकून न्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. गवसणी आमच्या गावच्या शिंप्याने शिवली, जुन्या मच्छरदाणीच्या पिशवीचं माप घेऊन. ती घेऊन मी सकाळच्या एसटीत चढलो. मागच्या बाकावर जागा मिळाली. बंदूक दोन गुडघ्यांत उभी, काडतुसांचा डबा कापडी पिशवीत मांडीवर. शेजारी बाजाराला निघालेली एक म्हातारी, कोकमांची टोपली घेऊन.

"छत्री आसा काय ओ भाऊ? एवडी लांब?"

"नाय आजी. बंदूक आसा."

"भरलेली नाय मां?"

"नाय. काडतुसां ह्या पिशयेत आसत."

आजीने टोपली उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. दोन थांब्यांनी कंडक्टर आला. आजीने त्याला सांगितलेलं होतंच. त्याने परवाना मागितला, दाखवला. नोटीस मागितली, दाखवली. तो भला माणूस होता, म्हणाला, जावा, पण पुढच्या वेळी रिक्षा करा. रिक्षाला जायला यायला जे पैसे लागतात ते मी इथे लिहीत नाही, भीक मागितल्यासारखं दिसेल.

पण कंडक्टरने हटकलं त्यात त्याचं काय चुकलं? माझ्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं आहे: गावच्या हद्दीत, शेतीसंरक्षणासाठी. हद्द ओढ्याला संपते. ओढ्यापलीकडे मी बंदूक घेऊन उभा असेन तर माझ्या हातात काय आहे? ती नोटीस, जिच्यात 'जमा करावे' एवढंच आहे. कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेने, याचा पत्ता नाही. आणि जाताना निदान नोटीस तरी असते. परत येताना? ठाण्यातून बंदूक हाती देतात, पावती काढून घेतात, वहीवर सही घेतात आणि म्हणतात, जा. ठाण्याच्या फाटकापासून ओढ्यापर्यंतचे चौदा किलोमीटर मी कोणत्या कागदावर चालायचे? आजवर कुणी अडवलेलं नाही हे खरं. पण कुणी अडवत नाही याला मी परवानगी म्हणू का? रात्री नाकाबंदीवर नवा शिपाई असला आणि त्याने ठाण्यात आणून बसवलं तर सकाळपर्यंत माझं नाव वर्तमानपत्रात. नोटिशीत एक ओळ छापा: या इसमास अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपले शस्त्र रिकामे, गवसणीत, गावापासून ठाण्यापर्यंत नेण्यास मुभा आहे. परत देताना तशीच एक चिठ्ठी द्या. खर्च शाईचा.

किंवा ते तरी कशाला. तलाठी सजात येतो, रेशनचा माणूस येतो, पशुवैद्यक खुरकूत टोचायला वाडीवर येतो. ठाण्याची गाडी दोन दिवस ठरवून ग्रामपंचायतीत आली, बीट अंमलदारांनी पंचासमक्ष बंदुका ताब्यात घेतल्या, तिथेच पावत्या दिल्या, तर यादीतली दहा जिवंत माणसं दहा वेळा बंदुका घेऊन एसटीने हिंडणार नाहीत. सार्वजनिक सुरक्षितता म्हणून आपण शस्त्रं गोळा करता ना? एका आठवड्यात एका तालुक्यातल्या सगळ्या बंदुका एकाच वेळी रस्त्यावर येतात, बसमध्ये, रिक्षात, कुणाच्या टेम्पोत भाताच्या पोत्यांखाली, ती सुरक्षितता कशी, हे मला समजत नाही. वर्षभरात त्या रस्त्यावर नसतात इतक्या त्या आठवड्यात असतात.

ठाण्यात पोचलो. ठाणे अंमलदारांनी परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक ताडून बघितला, नळी मोडून रिकामी असल्याची खात्री केली, काडतुसं मोजली. इथवर सगळं चोख. मग एका हवालदाराने मला मागच्या खोलीत नेलं. मुद्देमालाची खोली. एका बाजूला चोरीच्या दुचाकींचे सुटे भाग, गोव्याच्या दारूची खोकी, कुणाच्या तरी मारामारीतले दांडके, चिठ्ठ्या लावलेले. दुसऱ्या कोपऱ्यात बंदुका. उभ्या, आडव्या, एकमेकींवर रेललेल्या, सरपणाच्या भाऱ्यासारख्या. सत्तर तरी असतील. खिडकीच्या वर छपराला ओल होती आणि तिचा ओघळ भिंतीवरून अर्ध्यापर्यंत आलेला. हवालदाराने माझी गवसणी काढून परत दिली, म्हणाला, कापड ठेवू नका, उंदीर होतात. बंदुकीच्या चापाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि ती त्या भाऱ्यात खोचली. दस्ता खाली आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या हवालदाराला मी काही बोललो नाही. त्याच्याकडे ना मांडणी, ना तेल, ना जागा. "आमका कोण इचारता?" एवढंच तो म्हणाला. मी काजूबिया विकायला आलो असतो तर व्यापाऱ्याने पोतं जमिनीवर टेकवायच्या आधी खाली फळी टाकली असती.

निकाल 4 जूनला लागला. आठवडा धरला तर 11 जून. मी 12 ला गेलो, साहेब बंदोबस्तात. 17 ला गेलो. वरून आदेश नाही. शेवटी 29 जूनला मिळाली, तोवर इकडे पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. घरी आणून नळी मोडली, उजेडाकडे धरली. आत लाल ठिपके, चेंबरच्या तोंडाशी तर बोटाला लागणारे. घासून ठिपके गेले, खड्डे राहिले. बंदूकवाल्याने सांगितलं, अजून एकदा असं झालं तर ही बार काढायला धोक्याची होईल. मी ज्या शस्त्राची जपणूक करण्याची हमी आपल्याला दिली, ते आपल्या ताब्यात असताना खराब झालं. याची भरपाई मी मागत नाही. पण पावतीवर 'शस्त्र चालू स्थितीत' असे तीन शब्द तरी लिहा, म्हणजे परत देताना कुणीतरी ते वाचेल.

ही खोली मला नवी नव्हती, हेही सांगतो. वडील गेले त्या दिवशी घरात मयत, दारात माणसं, आणि कपाटात बंदूक. परवाना त्यांच्या नावाचा, आणि ते तर अंगणात तिरडीवर. त्या क्षणी ती बंदूक कायद्याने कुणाची होती? कुणाचीच नाही. मी तेराव्यानंतर जाऊन जमा केली, शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे करावीच लागते. वारसाचा परवाना व्हायला पावणेदोन वर्षं गेली. जानेवारी 2019 ला घरी आली, सात आठवड्यांनी, 10 मार्चला लोकसभा जाहीर झाली आणि परत त्याच कोपऱ्यात. ज्यांच्या घरी म्हातारे परवानाधारक आहेत त्यांना या निमित्ताने सांगतो: 70 वर्षं वय झालं किंवा बंदूक 25 वर्षं नावावर असली तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. माझ्या वडिलांचं वय 74 होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

आता आमच्या बाजूचं. आमच्यात सगळे साधू नाहीत हे मला आपल्याइतकंच ठाऊक आहे. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, कोपऱ्यात भरलेली बंदूक टेकवून ठेवणारे आहेत. ठासणीची असेल तर भरलेली तशीच खुंटीला टांगतात, कारण बार काढल्याशिवाय ती रिकामी करायचा कंटाळा, आणि बार काढला तर दारू वाया. पोरं खाली खेळतात. परवाना आजोबांचा, बंदूक नातवाच्या खांद्यावर, आणि रात्री चौघं मिळून डुकराला जातात. झुडूप हललं म्हणून बार काढला आणि समोर आपलाच माणूस, अशा बातम्या कोकणात काही नव्या नाहीत. लग्नाच्या वरातीत बार काढणारे हौशी आहेत. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड ठेवला, ते मला पटतं. अशांकडे निवडणुकीची वाट न बघता जा. बीट अंमलदाराने वर्षातून एकदा, न सांगता, घरी येऊन कपाट बघावं, काडतुसं परवान्याशी ताडावीत. माझ्याकडे आजवर या कामासाठी एकदाही कुणी आलेलं नाही. ज्याच्याकडे कुलूप नाही त्याची बंदूक त्याच दिवशी उचला. मी पंच म्हणून सही करीन, शेजाऱ्याची असली तरी.

म्हणजे होतं काय, की ज्या दिवशी बंदूक घरी असते त्या दिवशी ती कशी ठेवलीय हे कुणी बघत नाही, आणि ज्या दिवशी ती नीट ठेवलेली असते त्या दिवशी ती उचलून भाऱ्यात टाकली जाते.

माझ्या मागण्या आपल्या अधिकाराबाहेरच्या नाहीत. समितीची बैठक खरोखर घ्या आणि परवान्यागणिक कारण लिहा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर गुन्हा नसेल, जामीन नसेल, तर बंदूक बागेत राहू द्या. हवं तर माझ्याकडून निवडणुकीपुरतं वेगळं बंधपत्र घ्या, काडतुसांची मोजणी करून पेटीला लाखेचं सील करा आणि बार काढायचा झाला तर आधी पोलीस पाटलाला कळवायची अट घाला. पाटील बाजूच्याच वाडीत राहतात, मी हाक मारली तर ऐकू जाते. आणि ज्यांची शस्त्रं घ्यायचीच त्यांच्यासाठी प्रत्येक ठाण्यात एक लाकडी मांडणी करा, खाचा पाडलेली, जमिनीपासून वीतभर वर. आमच्या गावचा सुतार एका दिवसात करून देईल. फणसाची फळी मी देतो, वाळवलेली आहे, पैसे नकोत. तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या पण देतो. जमा झालेल्या बंदुका पुसायला महिन्यातून एकदा आम्हालाच बोलवा. हवालदार समोर बसू दे, आम्ही पुसून, मोजून, पुन्हा खाचेत लावून जाऊ.

आणि यादीतून वडिलांचं नाव काढा. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मी 2017 ला दिली, 2019 ला दिली, 2024 ला दोनदा दिली. पाचवी या पत्राला जोडली आहे.

आपला,
शेतीसंरक्षण परवानाधारक,
(यादीतला अनुक्रमांक आठ)